तिसऱ्या टाकीतले रोहू

मु. मोहटोला, ता. ब्रह्मपुरी
कार्तिक संपता संपता

माझा धाकटा भाऊ प्रफुल्ल, वस्ती घुग्घुस, यास थोरल्या बहिणीचा, म्हणजे गुणाबाईचा, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. तुझा खोकला कसा आहे? रात्रपाळीहून आल्यावर गुळण्या करतोस की नुसताच खाटेवर पडतोस? तुझ्या बायकोचे, अन्नपूर्णेचे, गुडघे आता थंडीत धरत असतील, तिला मोहाच्या तेलानं चोळायला सांग आणि ते तेल तू चोळून दे (ती सांगणार नाही, म्हणून मी सांगते). आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुझे भाऊजी धान कापून मोकळे झाले आहेत आणि मोकळे झाल्यामुळे दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात येऊन झाकणं उघडून पाहतात. बाकी ठीक.

तू म्हणशील, फोन असताना बाईनं पत्र काऊन लिहिलं. फोनवर मी बोलायला लागले की तू 'हो बाई, हो बाई' म्हणतोस आणि मधेच 'आवाज तुटून राह्यला' म्हणून ठेवतोस. आवाज बरोबर माझ्या मुद्द्याच्या वेळीच कसा तुटतो, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. पत्राचा आवाज तुटत नाही. तेव्हा हात धुवून, चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच, कारण तुझ्या मुलीनं या घरात जो पराक्रम केला तो तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळावा असं मला वाटत नाही. पत्रूजींच्या तोंडून तर नाहीच.

आखाडात दिव्यानी बॅग घेऊन आली तेव्हा एवढंच म्हणाली होती, 'आत्याबाई, कॉलेजच्या टाक्या गळून राह्यल्या. मले माह्या प्रोजेक्टसाठी अंगण देशील का?' अंगण काय, घे म्हटलं. मला वाटलं काही झाडंबिडं लावणार. दुसऱ्या दिवशी 'छोटा हत्ती' टेम्पोतून तीन भल्यामोठ्या निळ्या टाक्या उतरल्या, हवेचे पंप उतरले, नळ्या उतरल्या आणि शेवटी प्लास्टिकच्या पिशव्यांतून रोहूची पिल्लं उतरली, बोटाएवढी. त्यांना बोटुकलीच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. तुळशीवृंदावन सोडून सगळं अंगण माशांचं झालं. पहिल्या टाकीला बाजारचं तयार खाद्य, दुसरीला आपला जुना कोंडा आणि भुईमुगाची ढेप, आणि तिसरीला दिव्यानीनं स्वतः जमवलेलं सोयाबीनचं खाद्य. सुकट महाग झाली, कंपनीचं खाद्य तर आणखी महाग, आणि सोयाबीन आपल्याकडे पोत्यानं पडलेलं. मग ते माशाला पचवता येतं का आणि त्यावर मासा वाढतो का, हा तिचा अभ्यास. ऐकायला किती सोज्वळ वाटतं ना?

आता पचलं की नाही हे कसं कळतं, ते ऐक. मी जन्मभर अंगणवाडी चालवली, गावच्या लेकरांची वजनं केली, कोणाचं पोट बिघडलं हे त्याच्या आईच्या आधी मला कळायचं, तेव्हा मला नवल वाटायला नको होतं. तरी वाटलं. तुझी एम.एस्सी.ची मुलगी रोज सकाळी आंघोळ करून, केस बांधून, टाकीच्या तळाशी नळी सोडायची आणि माशांची विष्ठा गोळा करायची. नुसती गोळा करून थांबत नव्हती. ती गाळायची, वाळवायची, डब्या भरायची, डब्यांवर चिठ्ठ्या लावायची आणि नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवायची. मासा खातो किती आणि बाहेर टाकतो किती, यांच्यातलं अंतर म्हणजे पचन. (खाद्यात ती एक हिरवी पूड घालायची. ती पूड पचत नाही, जशीच्या तशी बाहेर येते, म्हणून तिच्यावरून हिशेब लागतो. ही पूड लक्षात ठेव, कारण पुढे तू घाबरशील तेव्हा मी सांगणार आहे की त्या घाण्यात ती नव्हती.) शेजारची सोमारी पाणी भरायला आली की कुंपणाशी उभी राहून विचारायची, 'गुणाबाई, पोरगी काय शिकून राह्यली म्हणालीस?' मी म्हणायची, जीवशास्त्र. सोमारी नळीकडे पाहायची, माझ्याकडे पाहायची आणि घागर उचलून जायची.

खाद्य घरीच बनायचं. सोयाबीन दळायचं, त्यात बारीक कोंडा, ढेप, मीठ आणि मैद्याची खळ घालून मळायचं आणि माझ्या सोऱ्यातून शेव पाडायची. हो, त्याच सोऱ्यातून. लग्नात आईनं दिलेल्या. मी एक अक्षर बोलले नाही. (बोलले, पण भाचीला नाही, तुझ्या भाऊजींना बोलले.) शेव अशी हवी की पाण्यात पडल्याबरोबर विरघळता कामा नये, नाहीतर मासा तोंड उघडेपर्यंत नुसता गढूळ रस्सा उरतो. दिव्यानी वाटीत पाणी घेऊन शेवेचा तुकडा टाकायची आणि त्याच्याकडे टक लावून बसायची. तुकडा फुटला की पुन्हा पीठ मळायला लागायची. शेवटी जमलं. तिची शेव पाण्यात दगडासारखी राहायची आणि माशाच्या तोंडात गेली की लोण्यासारखी.

सगळं असं रांगेत चाललेलं असताना पोळ्याच्या सुमारास तिसऱ्या टाकीनं दगा दिला. पहिल्या टाकीतले मासे अंग धरायला लागले, दुसरीतलेसुद्धा हळूहळू का होईना वाढत होते, आणि तिसरीतले जसे आले तसेच. डोकं मोठं, अंग बारीक, जणू माझ्या अंगणवाडीतली, वजनाच्या तक्त्यावर लाल रेषेखाली राहिलेली लेकरं. खायचे, पण खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. त्याच आठवड्यात वानरांची टोळी छपरावर उतरली आणि ओल धरली म्हणून वाळत घातलेलं बाजारचं खाद्य मूठ मूठ भरून खाऊन गेली. शेजारच्याच सुपात आमची सोयाबीनची शेव होती. तिला एकानं हुंगलं, चावलं आणि थुंकलं. मी म्हटलं, बरं झालं, आपलं वाचलं. दिव्यानी मात्र त्या सुपाकडे बघत राहिली.

तिचे सर ब्रह्मपुरीहून आले. माणूस भला आहे, पण घाईतला. टाकी पाहून म्हणाले की आता वेळ थोडा आहे, सोयाबीन रोहूला मानवत नाही असं लिहून तिसरी टाकी बंद कर आणि दोन टाक्यांवर काम आटप. पोरगी मान हलवून 'हो सर' म्हणाली. ते गेल्यावर टाकीच्या मागे जाऊन बसली. मी चहा घेऊन गेले तर रडत होती. मला म्हणाली, 'आत्याबाई, बाबानं सांगतलं हाये, परीक्षा झाली का शिक्षण बस. ह्याच्यातच काही करून दाखवलं तर पुढं बोलायले तोंड राहीन. हे बी गेलं तर मी काय सांगू?' प्रफुल्ल, मी तुला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ती म्हणाली ते लिहिते आहे.

पण ती तुझी मुलगी, म्हणजे आपल्या बापाची नात. डोळे पुसले आणि पुन्हा डब्यांकडे वळली. तिसऱ्या टाकीची विष्ठा तिनं भिंगाखाली धरली आणि त्यात तिला सोयाबीनचे कण जसेच्या तसे दिसले. मग तिनं पुस्तकं काढली, दोन फोन केले, आणि संध्याकाळी चुलीपाशी येऊन अगदी गोड आवाजात विचारलं, 'आत्याबाई, दळायच्या आधी सोयाबीन भाजलं होतं ना?'

आता इथे मला सत्य सांगितलंच पाहिजे. सोयाबीन भाजून दळायचं काम तिनं माझ्याकडे सोपवलं होतं. तुझे भाऊजी काटकसरी माणूस. जंगलात वाघ फिरतो म्हणून सरपण आणायला कोणी जात नाही, गॅस पुरवून वापरावा लागतो, तेव्हा माशासाठी काऊन भाजायचं, मासा काय चिवडा खातो का, असा विचार घरात झाला आणि सोयाबीन कच्चंच दळलं गेलं. मी काही बोलले नाही, नवऱ्याच्या शब्दाला मान असतो. दिव्यानीनं डोक्याला हात लावला. मग तिनं मला समजावून सांगितलं की कच्च्या सोयाबीनमध्ये असं काही असतं जे पोटातल्या पाचकरसालाच बांधून टाकतं. खाल्लेलं सगळं तसंच निघून जातं. आच लागली की ते मरतं आणि मग तेच सोयाबीन अंगी लागतं. वानराला जे कळलं ते आम्हाला कळलं नाही, असं ती म्हणाली नाही. ती तेवढी संस्कारी आहे.

लगेच तिनं सरांना फोन लावला आणि 'हो सर' म्हणणारी हीच का ती, असा मला प्रश्न पडला. म्हणाली, 'सर, टाकी बंद नाई करत. तिन्ही टाक्यांत नवीन बोटुकली सोडून पहिल्यापासून सुरू करते. आणि कच्च्याचं जे झालं ते बी लिहिते, वेगळं प्रकरण करून.' सर 'कर' म्हणाले. म्हणजे बघ, तिच्या प्रबंधात एक आख्खं प्रकरण केवळ आपल्या घरामुळे वाढलं. याचं श्रेय मी मागणार नाही, पण कोणी दिलं तर नाकारणारही नाही.

त्यानंतर मी स्वतः भाजायला बसले. मोठ्या कढईत, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत. त्या वासानं झिंगू (आमच्या गल्लीतला, धंदा काही नाही, नाक मात्र तिखट) दारात यायचा आणि 'काय केलं गुणाबाई?' विचारायचा. माशाचं जेवण म्हटलं की त्याचं तोंड उतरायचं. एका दुपारी वीज गेली ती येईना. पंप बंद पडले आणि मासे तोंडं वर काढून हवा गिळायला लागले. तेव्हा हाच झिंगू आणि सोमारी तांब्या-बादल्या घेऊन धावत आले. एकेका टाकीला एकेक जण, पाणी वर उचलायचं आणि उंचावरून टाकायचं, उचलायचं आणि टाकायचं. तुझे भाऊजी दुसऱ्या टाकीवर होते. वीज आली तेव्हा माणसं ओली चिंब आणि मासे सगळे जिवंत. त्या दिवसापासून टाक्या माझ्या अंगणात असल्या तरी मासे गल्लीचे झाले.

आता पत्रूजींचं. दिवाळीनंतर तू तुझ्या मनानं वरोऱ्याची मंडळी मुलगी पाहायला धाडलीस आणि आम्हाला ते जीपमध्ये बसल्यावर कळवलंस. (यावर मी समोर बोलेन.) पत्रूजी, त्यांची बायको ललिताबाई आणि मुलगा सुरज. मी घाईघाईनं तर्री पोहे केले. पोह्यांवर घालायला शेव आणा म्हणून तुझ्या भाऊजींना आत पाठवलं. स्टीलचे दोन डबे शेजारी शेजारी, दोन्ही मीच घासलेले, दोन्ही सारखेच चकचकीत. एकात वरोऱ्याचीच विकतची शेव आणि दुसऱ्यात... तू समजलास.

पत्रूजींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मी मनात गावदेवीला नारळ बोलले. डोळे उघडून म्हणाले, 'वाह! तर्रीत बुडाली तरी शेव मऊ नाई पडली! आमच्या वरोऱ्याची तर पाणी पाहूनच विरघळते.' आणि ताट पुढे केलं. तेव्हा कुठे दिव्यानीची नजर त्या शेवेवर गेली. तिचे तुकडे तिनं स्वतः कापलेले, सारख्या मापाचे, तिला ओळखू येणारच. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी डोळ्यांनी 'गप्प' म्हटलं. (हिरवी पूड त्या घाण्यात नव्हती, हे मी तुला आधीच सांगितलं आहे. बाकी सगळं माणसाच्या पोटात जाणारंच होतं: भाजलेलं सोयाबीन, कोंडा, ढेप, मीठ. आपल्या आजीनं दुष्काळात याहून वाईट खाल्लं.)

ललिताबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, काय शिकते. दिव्यानी म्हणाली, माशाच्या पचनाचा अभ्यास करते. पत्रूजींनी चमचा खाली ठेवला. 'बाई, माशाचं सोड, माह्या पचनाचं सांग. वर्षं झाली, काही खाल्लं का इथी गोळा धरते.' आणि पोटावर हात ठेवून दाखवलं. तुझ्या मुलीनं तो प्रश्न खराच मनावर घेतला. काय खाता, कधी खाता, डाळ नीट शिजते का, मळ्यातून येता येता कच्चे दाणे तोंडात टाकता का, डॉक्टरला कधी दाखवलं होतं, असं एकेक विचारत गेली आणि तालुक्याच्या डॉक्टरकडे जायचं वचन घेऊनच थांबली. त्यांच्या बायकोला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते हिनं एका ताटावर करून घेतलं. ललिताबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

आणि मग तिनं, कोणी न विचारता, सरळ सांगून टाकलं, 'काकाजी, तुम्ही लांबून आले, पण मले आत्ता लग्न नाई करायचं. मले पुढं संशोधन करायचं हाये.' माझ्या हातातली तर्रीची वाटी तशीच हातात. तुझे भाऊजी छताकडे पाहायला लागले. कोणी काही बोलायच्या आत तो सुरज, जो आल्यापासून पोह्यांकडे पाहत होता, मान वर करून म्हणाला, 'बाबा, मले बी यंदा नाई करायचं. कधीचं सांगायचं होतं, पण तुमचं तोंड रिकामं सापडत नव्हतं.' पत्रूजींनी मुलाकडे पाहिलं, दिव्यानीकडे पाहिलं आणि गदगदून हसले. म्हणाले, 'मंग आपण कशासाठी आलो? शेव खायले?' आणि आणखी मागून घेतली. जाताना त्यांनी दिव्यानीच्या डोक्यावर हात ठेवला आणि 'शीक बाई, लय शीक' म्हणाले. तुला त्यांनी फोनवर 'पोरगी पसंत आहे' कळवलं ना? खरंच पसंत आहे. सून म्हणून नव्हे, तेवढाच फरक. जीप वळणापलीकडे गेली आणि दिव्यानी ओसरीवर पोट धरून बसली, हसून हसून तिला उचकी लागली. पत्रूजींचा दुसऱ्या दिवशी निरोप आला, पोट हलकं आहे. मी म्हटलं, पचन सिद्ध झालं, नागपूरला पाठवायची गरज नाही. दिव्यानी म्हणाली, 'आत्याबाई, एका नमुन्यावर सिद्ध नाई होत.'

आणि परवा वजनं झाली. मी माझा लेकरांचा झोळीचा काटा काढून ठेवला होता, पण तिनं कॉलेजमधून नाजूकसा काटा आणला. (लेकरांची पिढी त्या झोळीत वाढली, पण असो.) सर आले, सोमारी आली, झिंगू आला, निम्मी गल्ली कुंपणाला टेकली. पहिल्या टाकीचे मासे काढले, मोजले, छान होते. दुसरीचे काढले, बरे होते. तिसऱ्या टाकीचं पाणी जरा हिरवट, आतलं काही दिसेना. दिव्यानीनं जाळं पार तळापर्यंत सोडलं. जाळं वर आलं आणि प्रफुल्ल, काय सांगू तुला! वीतभर लांब, पाठ रुंद, खवल्यांवर तांबूस झाक, असे उसळत होते की सरांचा चष्मा ओला झाला. सरांनी काट्यावरचा आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा तोला म्हणाले. पुन्हा तोलले. तोच आकडा. कंपनीच्या खाद्याला आपल्या सोयाबीनच्या शेवेनं मागे टाकलं होतं. फार नाही, थोडंच. पण थोडं मागे म्हणजे मागेच.

त्यावर कळस म्हणजे नागपूरचा अहवाल सरांनी खिशातूनच आणला होता. भाजलेल्या सोयाबीनमधलं प्रथिन जवळजवळ सगळं माशाच्या अंगी लागलं, विष्ठेत अगदीच थोडं उरलं. टाळ्या पडल्या. मी पेढे वाटले. झिंगू पेढा तोंडात टाकून म्हणाला, 'विष्ठेत काही नाई उरलं म्हणून पेढे वाटणारं हे पयलंच घर असंन.' सर सर्वांसमोर दिव्यानीला म्हणाले की तू टाकी बंद केली नाहीस हे बरं झालं, आणि ओडिशाच्या एका मोठ्या मासे-संशोधन केंद्रात तिनं पुढे जावं म्हणून ते स्वतः शिफारस करणार आहेत. सगळे पांगल्यावर ती टाकीच्या काठावर हात पाण्यात सोडून बसली होती. मला विचारलं, 'बाबाले फोन करू का?' मी म्हटलं कर. तिनं फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि तसाच ठेवून दिला. म्हणाली, 'पाळीवर असतीन.' तू त्या दिवशी सुट्टीवर होतास, हे तिलाही माहीत होतं.

तर असा हा विजय. अन्नपूर्णेला वाचून दाखव, हळू वाच, तिला हसू आलं की खोकला येतो. तब्येतीला जप. धुळीत तोंडाला रुमाल बांधत जा.

तुझी थोरली बहीण,
गुणाबाई

ता. क. : पत्र जीपवाल्याकडे द्यायला मला दिलं, ते मी आधी वाचून घेतलं. प्रफुल्लभाऊ, नमस्कार. सोयाबीन भाजू नका असं मी म्हटलं नव्हतं. पोह्यांच्या दिवशी मी आत गेलोच नव्हतो, मी ओसरीवर पाहुण्यांजवळ बसलो होतो. बाकी सगळं खरं आहे. मासे खरंच लय मोठे झाले. – तुमचे भाऊजी, लटारू

ता. क. : वरचं वाचू नकोस, त्यांना आताशा नीट आठवत नाही. खरं काम राहिलंच. मी काल दिव्यानीला सांगून टाकलं की तुझ्या बाबाशी माझं फोनवर बोलणं झालं आणि तो ओडिशाला 'हो' म्हणाला. ती माझ्या गळ्यात पडून इतकी रडली की मला पुढचं काही सुधारता आलं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं ती तुझ्या पाया पडायला निघते आहे, डब्यात तिसऱ्या टाकीतला एक रोहू तळून देते आहे. हे पत्र जीपवाला आज रात्रीच तुझ्या हातात देईल, तेव्हा ती दारात येईपर्यंत तू हो म्हणालेला अस.